राबिघच्या खाडीतली काठी

इस्माईलचाचा, विद्यापीठाच्या अर्जात एक रकाना असायचा: घरच्यांखेरीज संपर्कासाठी एक नाव. तीन वर्षं मी त्या रकान्यात एकच नाव लिहिलं. इस्माईल दाऊद मुकादम, रिगर फोरमन, राबिघ. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. वडील लांज्याजवळच्या चिरेखाणीवर, आई दुसऱ्यांच्या शेतात. त्यांनी मला बारावीपर्यंत आणलं. तिथून पुढे मला तुम्ही ढकललंत, आणि तेही सौदीतल्या एका लेबर कॅम्पात, जिथे माणूस पुस्तक घेऊन बसला तर लोक विचारतात, तब्येत बरी आहे ना.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत रुखसानाचा फोन आला. तुमच्या मुलीचा आवाज मी याआधी दोनदाच ऐकला होता, तरी ओळखला. "दादा, अब्बा गेले. पहाटे, फजरच्या वेळेस. दुपारी जोहरला माती दिली." मी साइटवर केबिनच्या सावलीत डबा उघडून बसलो होतो. "बरं," म्हणालो. फोन ठेवला आणि सगळा डबा खाल्ला, चाचा. एक घास टाकला नाही. मग हात धुताना लक्षात आलं की आपण काय खाल्लं तेही आठवत नाही. तेव्हापासून माझं बूड एका जागी ठरत नाही. रूममध्ये बसलो की बाहेर जावंसं वाटतं, बाहेर गेलो की वाटतं रूमवर काहीतरी विसरलंय.

आज शुक्रवार. सकाळी खाडीवर जाऊन आलो. तिथे काय केलं ते शेवटी सांगतो. तुम्हाला कुठलीही गोष्ट पहिल्यापासून लागायची. मी मधूनच सुरू केलं की म्हणायचात, "मेल्या, नांगर टाकलास कुठं ते आधी सांग."

नांगर टाकला तो कॅम्पच्या मेसमध्ये. मी हेल्पर म्हणून आलो त्याला महिनाही झाला नव्हता. भिंतीवर सेफ्टीची नोटीस होती, मी ती रांगेतल्या दोघांना वाचून हिंदीत सांगत होतो. तुम्ही मागून विचारलंत, "कुठला रे तू?"

"लांजा."

"शिकलायस?"

"बारावी."

"मग इकडे पाइप उचलायला कशाला मरतोयस?"

मी म्हणालो, घरची परिस्थिती. तुम्ही ताटात डाळ घेतलीत, माझ्या समोर येऊन बसलात आणि ताट साफ केलंत. उठताना म्हणालात, "घरबसल्या परीक्षा देता येते ना आता? इचारून ठेव." मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलले. पुढच्या आठवड्यात तुम्हीच कुणाकडून तरी अर्ज मागवलात. भूगोल घेऊन बी.ए. भूगोल का, तर त्यात नकाशे असतात, आणि नकाशा वाचणारा माणूस कंपनीला लागतो, असं तुमचं म्हणणं. तेव्हापासून मी तुमचा मास्तर झालो. पास व्हायच्या आधीच.

एका टोळीतून एका वेळी एकच माणूस सुट्टीवर जाणार, हा कंपनीचा नियम. माझी परीक्षा आणि तुमच्या सुट्टीची पाळी एकाच महिन्यात यायची. तीनपैकी दोन वर्षं तुम्ही ईद कॅम्पात काढलीत आणि तुमच्या पाळीवर मी घरी जाऊन पेपर दिले. दुसऱ्या वर्षी मी नको म्हणालो, तर खेकसलात. "ईद काय, दरवर्षी येते. तुझी परीक्षा दरवर्षी यायला पायजे असं नाय." निकाल लागला तेव्हा जिद्द्याहून येणाऱ्या ड्रायव्हरकडून बसबूसा मिठाईचे दोन ट्रे मागवलेत आणि अख्ख्या मेसला वाटलेत. गुणपत्रिका चष्मा काढून, भिंगासारखा वर धरून वाचलीत. "इंग्रजीत कमी का?" एवढंच म्हणालात. त्या निकालावर मी सर्व्हे सेक्शनला गेलो. तिपाई, उंची मोजायची लेव्हल आणि वही. पाइप उचलणं सुटलं.

त्या खाडीवर मला पहिल्यांदा तुम्हीच नेलंत. रिफायनरीच्या चिमण्या पाठीमागे टाकून आपण किनाऱ्याला लागलो आणि मी जागीच उभा राहिलो. तिवर! माझ्या आजोळी जैतापूरकडे, तुमच्या दाभोळ खाडीत असतात तशीच झाडं, तीच चिखलातून वर आलेली बोटांसारखी मुळं. उंची मात्र निम्मी. इथे त्याला शूरा म्हणतात. बरीच झाडं वाळली होती, उरलेल्यांची पानं उंट खात होते. तुम्ही काठी घेऊन उंटांच्या मागे धावलात, आणि त्यांचा वाळवंटी मालक, एक बदू, तुमच्यावर ओरडत तुमच्या मागे. मग तुम्ही दोघं दमून एकाच दगडावर बसलात आणि त्याने तुम्हाला कॉफीचा गहवा पाजला.

गावातल्या धर्मादाय संस्थेने, सगळे तिला जमईया म्हणतात, तो किनारा पुन्हा हिरवा करायचं काम घेतलं होतं. त्याच सुमाराला सुदानात लढाई पेटली. बोटीने जिद्द्याला उतरलेली काही कुटुंबं नातेवाइकांच्या ओळखीने राबिघला आली. संस्थेने त्यांना घरं बघून दिली, रेशनची पेटी लावून दिली. संस्थेचे मुदीर, म्हणजे व्यवस्थापक, अबू सालेह. मी एकदा त्यांच्यासमोर निर्वासित हा शब्द काढला, तर त्यांनी बोट वर केलं. "दुयूफ. पाहुणे म्हण." पण पाहुण्यांनाही नुसतं बसून खाणं नको होतं. त्यातल्या बायकांनी रोपवाटिकेचं काम मागून घेतलं. बिया भिजवायच्या, साल सुटली की पिशवीत लावायच्या, रोज थोडं खारं थोडं गोडं पाणी द्यायचं. त्यांच्या पुढारी आमनाबाई. खार्तूमच्या शाळेत गणित शिकवायच्या. पिशव्यांच्या ओळीही त्यांनी वर्गातल्या बाकांसारख्या लावल्या होत्या. उंटांनी एका रात्रीत पहिली लागवड फस्त केली तेव्हा आपण सगळे डोक्याला हात लावून उभे होतो आणि त्या म्हणाल्या, "काही हरकत नाही, त्यांचा उपास होता, सोडला." तुम्हाला अरबी निम्मंच कळायचं, पण हसलात सगळ्यात आधी.

दर शुक्रवारी सकाळी, जुम्म्याच्या नमाजापर्यंत, आपण दोघं तिथे. तुम्ही बायकांना खड्डा घ्यायला शिकवायचात, त्या तुम्हाला 'या हाज', म्हणजे अहो हाजी, म्हणायच्या. मला आमनाबाई 'या उस्ताज', अहो मास्तर, म्हणायच्या, कारण माझ्या हातात वही असायची. मला ते फार आवडायचं, चाचा. इतकं, की पुढे जे झालं त्याची सुरुवात मला तिथेच दिसते.

मोठी लागवड थंडीत करायची ठरली. कुठे करायची ते ठरवणारं कुणीतरी हवं होतं. तिवराचं सगळं गणित पाण्याचं. रोज पाणी येऊन गेलं पाहिजे. फार वर लावलं तर सुकतं, फार खाली लावलं तर बुडतं. अबू सालेहनी विचारलं आणि मी म्हणालो, मी काढून देतो. लेव्हल होती, भूगोल होता. आणि आजोळ खाडीकाठचं. पौर्णिमेला उधाण, अष्टमीला कमी भरतीचा भांग, एक उधाण नीट बघितलं की सगळा समुद्र कळला, हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्यालाही माहीत. मी पौर्णिमेला आणि तिच्या अलीकडचे तीन, पलीकडचे चार दिवस मापं घेतली आणि नकाशावर रेघ मारली.

तुम्ही रेघ बघितलीत. मग त्या वाक्याने सुरुवात केलीत, जे मला आता रोज ऐकू येतं.

"मास्तर, काठी रोव."

"कशाला?"

"बघायला. पाणी कधी कुठपर्यंत येतंय ते. आमचा बाप खाडीकाठच्या खाजणाचा बांध घालायच्या आधी बांबू रोवायचा आणि वर्षभर खुणा करायचा. वर्ष गेल्याशिवाय एक ढेकूळ टाकायचा नाय."

"चाचा, आठ दिवस लेव्हल लावलीय. उधाणाचं पाणी मोजलंय. अजून काय बघायचं?"

"तुझा चंद्र आपल्या दाभोळचा. इकडचा दर्या चंद्राला इचारत नाय. मी तीस वर्षं बघतोय. थंडीत पाणी वर असतं, उन्हाळ्यात हातभर खाली उतरतं नि खालीच बसतं."

"चंद्र एकच आहे ना, चाचा? की सौदीला वेगळा दिलाय?"

सगळे हसले. कुणीतरी ते अरबीत सांगितलं, मग बायकाही हसल्या. तुम्हीही हसलात. पण हसू संपल्यावर तुम्ही माझ्याकडे बघत म्हणालात, "तू पास झालायस रे. दर्या नापास झाला तर?"

मी नकाशा गुंडाळला. मला घाई होती, आणि खरं सांगतो, ती सगळी वाईट नव्हती. लागवड जगली की संस्थेची मंडळी रोपवाटिका वाढवणार होती, आणखी काही कुटुंबांना तिथे काम मिळणार होतं. आमनाबाईंनी मला विचारलं होतं, होईल ना, उस्ताज? मी होईल म्हणालो होतो. वर्षभर काठी बघत बसायचं तर त्यांना काय सांगणार होतो? पण घाईपेक्षा मोठं कारण दुसरं होतं. तुम्ही न शिकलेले होतात आणि मी शिकलेला. ज्या माणसाने मला शिकवलं त्याच्याच पुढे मी ते शिक्षण ढालीसारखं धरलं.

जानेवारीत आपण रोपं लावली. मार्चपर्यंत पानं चकाकत होती. तुम्ही शुक्रवारी यायचात, ओळी बघायचात आणि काळ्या दगडांच्या बाजूला एकटेच चालत जायचात. मला वाटायचं लघवीला जातात.

मे महिन्यापासून पाणी उतरायला लागलं. मी म्हणालो, येईल पौर्णिमेला. पौर्णिमा आली, पाणी चार बोटं वर चढलं आणि रेघेच्या कितीतरी खालून परत गेलं. जूनमध्ये चिखलाचे पापड सुटले. पानांवर मिठाची पूड बसली, मग पानंच चहाच्या चोथ्यासारखी झाली. आमनाबाई आणि इतर बायका जेरीकॅननी समुद्राचं पाणी वाहून आणत होत्या. सकाळी ओतलेलं दुपारपर्यंत उडायचं आणि मीठ तेवढं वाढायचं. तुम्ही त्यांना थांबवलंत. "बस. आता रोपांना मारू नका," असं काहीसं तुमच्या मोडक्या अरबीत म्हणालात. ऑगस्टमध्ये सगळं संपलं. एवढा मोठा पट्टा, त्यात उभी होती फक्त काटकुळी खोडं.

अबू सालेहनी आपल्याला ऑफिसात बोलावलं. टेबलावर माझा नकाशा होता. त्यांनी रेघेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही कुणी ठरवली?"

मी श्वास घेतला. खरंच घेतला होता, चाचा, बोलायलाच घेतला होता. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "अना." मी. आणि पुढे हिंदीत, "मैं बोला, इसने लिखा. हमारे गाँव में ऐसाच करते. बच्चा है, मेरा हुकूम सुना."

अबू सालेहनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे बघितलं.

"खलास, या हाज," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "तुम्ही आता आराम करा. किनाऱ्यावर येऊ नका." त्यांच्या जागी मीही दुसरं काय बोललो असतो?

परतताना पिकअपमध्ये मी "चाचा" एवढंच म्हणालो, तर तुम्ही मला तोडलंत. "चूप. इकाम्याच्या कार्डावरचा हुद्दा बदलायचा तुझा अर्ज आत हाय. सर्व्हेयर म्हणून. सर्व्हेयरने माप चुकवलं हे कफील मालकाच्या कानावर गेलं तर परत पाइप उचलशील. माझं काय? मला सहा महिन्यांनी एक्झिट, कायमचा घरी."

मला ते पटलं. मला छळतं ते हेच, की किती लवकर पटलं. पिकअप कॅम्पच्या गेटपर्यंत पोचायच्या आत.

रोपवाटिकेला कुलूप लागलं. घरांना संस्थेने हात लावला नाही, पण बायकांच्या हातचं काम गेलं. आमनाबाई मला बाजारात भेटल्या. त्यांनी कामाचं नाही विचारलं. "हाज कुठेत? शुक्रवारी दिसत नाहीत." मी म्हणालो, तब्येत बरी नसते. तुमचे ते शेवटचे सहा महिने, चाचा, तुम्ही शुक्रवारी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून कॅम्पच्या बाकावर पश्चिमेकडे तोंड करून बसायचात. उरलेली जुनी झाडं बघायला मी जायचो, मला कुणी अडवलं नव्हतं. परत आलो की तुम्ही विचारायचात, "पाणी कुठं हाय?" मी म्हणायचो, आहे तिथेच. "काळ्या दगडांकडनं ये की एकदा." हो, जाईन, म्हणायचो आणि गेलो नाही. मला तुमच्यासमोर उभं राहणंच जड झालं होतं. तुम्ही काय सांगता तिकडे माझे कान नव्हते.

एअरपोर्टवर तुमच्या बॅगेला दोरी बांधली, ट्रॉली ढकलली. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "इंग्रजी सुधार." मी ती गोष्ट तेव्हाही बोललो नाही. गर्दी होती, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढच्या शुक्रवारी काळ्या दगडांकडे गेलो. तुम्ही नव्हतात म्हणूनच गेलो असेन.

दगडांच्या आडोशाला, पाण्यात, मचाणाचा एक पाइप सरळ रोवलेला होता. त्याच्यावर रंगीत इन्सुलेशन टेपच्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर मार्करने महिन्याचं नाव, तुमच्या त्या ठसठशीत अक्षरात. जानेवारी सगळ्यात वर. मग फेब्रुवारी, मार्च. मेपासून पट्ट्या खाली उतरत गेलेल्या. ऑगस्ट सगळ्यात खाली, जानेवारीपासून बरोब्बर हातभर. ऑगस्टनंतर एकही पट्टी नव्हती.

मी ती काठी धरून पाण्यात उभा होतो. पहिली पट्टी जानेवारीची, म्हणजे आपण भांडलो त्याच महिन्यात तुम्ही ती रोवली होती. मी हसलो म्हणून वाद घातला नव्हतात, नुसतं जाऊन काम केलं होतंत. आणि तुमचं तिथे जाणं बंद झाल्यावर दर शुक्रवारी तुम्ही मला सांगत होतात की पुढची पट्टी लाव. तोंड फोडून का नाही सांगितलंत, चाचा? हा एक राग माझ्या मनात अजून आहे. "काठी रोवलीय, जाऊन बघ," एवढं म्हणायला काय झालं होतं? पण तसं म्हटलं असतंत तर मला ते 'मी म्हणत होतो ना' असं ऐकू आलं असतं. ते तुम्हाला म्हणायचं नव्हतं बहुतेक. हे मी आज माझ्या समजुतीने म्हणतोय. तुम्हाला विचारायचं राहिलं.

मी टेप घेऊन आलो आणि फेब्रुवारी लावला. मग वर्षभर लावत गेलो. थंडीत अबू सालेहना ती काठी दाखवली, खालच्या पट्टीच्या हिशोबाने नवी रेघ मारली. रोपं कुठून आणायची हा प्रश्न होता, तर आमनाबाई म्हणाल्या, चला घरी. त्यांच्या गच्चीवर तेलाच्या रिकाम्या डब्यांत तिवराची रोपं उभी होती, कुलूप लागलं त्या दिवशी त्यांनी उचलून आणलेली. दीड वर्ष रोज पाणी दिलं होतं. "शाळा बंद झाली म्हणून मुलं टाकून देतात का?" असं म्हणाल्या. तेवढ्यावर सुरुवात केली, उरलेल्या जागेसाठी जुन्या झाडांच्या बिया वेचल्या. रोपवाटिकेचं कुलूप निघालं. आणि उन्हाळा गेला, चाचा. पाणी हातभर उतरलं तरी झाडांच्या पायाशी येत राहिलं. सगळी नाही, पण बहुतेक जगली.

आता बाहेरून कुणी बघायला आलं की अबू सालेह त्यांना काळ्या दगडांपर्यंत नेतात आणि काठी दाखवतात. उस्ताजची काठी. माझ्याकडे हात करतात. मी पहिल्यांदा गप्प बसलो तेव्हा निदान भीती होती. या वेळी भीतीही नव्हती. हुद्दा बदलून झाला होता. तरी मी हसून मान हलवली.

अशीच एक मंडळी बघायला येऊन गेली, त्या आठवड्यात मी तुम्हाला पत्र लिहायला बसलो. फोनवर जमणार नव्हतं; फोनवर तुम्ही ऐकायच्या आधी ओरडता. आमच्या शाळेत गुरुजी निबंध आधी कच्चा लिहायला लावायचे, मग पक्का. तसंच केलं. कच्चं वहीत, पक्कं कोऱ्या कागदावर. तुमच्या शेजारच्या वाडीतला निसार सुट्टीवर निघाला होता, त्याच्या हातात पाकीट दिलं. पाठोपाठ मीही येणार होतो. लागवडीपायी दोनदा पुढे ढकललेली सुट्टी या खेपेला नक्की होती. तिकीट पुढच्या महिन्याचं आहे. अजून आहे.

काल रुखसानाचा पुन्हा फोन आला. तुमच्या उशीखाली माझं पाकीट सापडलं. बंद. निसारने ते आल्या दिवशीच पोचवलं होतं. तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं, म्हणून ती म्हणाली होती, "अब्बा, मी वाचून दाखवते." तुम्ही दिलं नाहीत. "राहू दे. मास्तर येतोय ना? त्याच्या तोंडून आयकीन. एवढा शिकवलाय, वाचून दाखवू दे." दोनदा उजेडात धरून बघितलंत, म्हणे, आणि परत ठेवलंत.

त्या पत्रात मी तुम्हाला एक शब्द दिला होता आणि तो मी पाळलेला नव्हता. तुम्हाला ते माहीतही नव्हतं. म्हणून आज सकाळी खाडीवर गेलो. अबू सालेह बायकांबरोबर पिशव्या मोजत होते. मी त्यांना काळ्या दगडांपाशी नेलं आणि सगळं सांगितलं. रेघ माझी होती. हाजनी काठी रोवायला सांगितली होती, मी हसलो होतो. ऑफिसात ते खोटं बोलले, माझ्यासाठी. ही काठी त्यांची आहे, ऑगस्टपर्यंतच्या पट्ट्या बघा, अक्षर बघा. आणि मंगळवारी ते गेले.

अबू सालेहनी वाकून पट्ट्यांवरची अक्षरं एकेक करून बघितली. मग म्हणाले, "तो होता तेव्हा का नाही सांगितलंस?"

आमनाबाई जवळ येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या मला आज उस्ताज म्हणाल्या नाहीत. त्यांनी तुमच्यासाठी हात वर करून दुआ मागितली आणि परत पिशव्यांकडे गेल्या.

अबू सालेहनी खिशातून कागद आणि पेन काढलं. "त्याला येऊ नको म्हणणारा मी होतो," ते म्हणाले. "त्याचं पूर्ण नाव लिही. बापाच्या नावासकट." मी लिहिलं. तेच नाव, जे अर्जाच्या रकान्यात लिहायचो. त्यांनी कागदाची घडी घालून छातीच्या खिशात ठेवली. आणि जाताना एकदा काठीवर हात ठेवला.

आता रूमवर आहे. वही समोर आहे. पक्कं पत्र तुमच्या उशीखालून रुखसानाच्या कपाटात गेलं, पण कच्चं माझ्याजवळ आहे. तुम्हाला माझ्या तोंडून ऐकायचं होतं. दार लावून घेतलंय. मोठ्याने वाचतो.

तीर्थस्वरूप इस्माईलचाचा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार आणि सलाम.

मी इकडे खुशाल आहे. तुमचे डोळे कसे आहेत? ऑपरेशन लांबवू नका. निसारबरोबर तुमच्या गुडघ्याचं मलम पाठवलं आहे, तेच हिरव्या झाकणाचं.

चाचा, थंडीत लावलेली तिवरं उन्हाळा काढून उभी आहेत. काही माझ्या मांडीपर्यंत आली. काळ्या दगडांपाशी गेलो होतो. तुम्ही गेल्यानंतर गेलो, आधी जायला हवं होतं. ऑगस्टपर्यंत तुमच्या पट्ट्या आहेत. सप्टेंबर ते जानेवारी हे पाच महिने कोरे राहिले, ते माझ्यामुळे. फेब्रुवारीपासून मी लावतोय. तुमचा दर्याच बरोबर होता. माझा चंद्र दाभोळचाच निघाला.

ऑफिसात अबू सालेहनी विचारलं तेव्हा मी बोलायला हवं होतं. तुम्ही आधी बोललात हे कारण मी इतके दिवस धरून बसलो. तुमच्यानंतरही मला बोलता आलं असतं. दार उघडंच होतं, दुसऱ्या दिवशीही उघडं होतं. तुमचे सहा महिन्यांचे शुक्रवार मी तुम्हाला बाकावर बसवून घालवले. मला शिकवताना दोन ईद तुमच्या गेल्या, त्यानंतर हे. त्याची माफी कशी मागतात ते मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

हे पत्र तुमच्या हातात पडेल तोपर्यंत मी अबू सालेहना खरं काय ते सांगितलेलं असेल. हा शब्द देतो.

काठी अजून सरळ आहे. या महिन्याची पट्टी निळी लावली, लाल टेप संपली.

सुट्टी मंजूर झाली आहे, लवकरच येतोय. म्हणून तुम्ही उलट पत्र लिहायला बसू नका, डोळ्यांना त्रास होईल. काय बोलायचं असेल ते, शिव्यासुद्धा, साठवून ठेवा. मी आलो की तोंडीच सांगा.

आपला,
मास्तर